बोटभर कागद

१

मालकांना जाऊन आठ दिवस झाले, तरी शटरवरची पट्टी तशीच होती.

छापखान्याला दोन शटरं. डावीकडचं बिघडल्यापासून कायम बंद. त्याच्यावर बोटभर रुंदीचा पांढरा कागद चिकटवलेला: ‘मालक गेले. छापखाना बंद.’ चौथ्या दिवशी उजवं शटर उघडून काम सुरू झालं, पण ती पट्टी काढायचा धीर कुणाला होईना. ज्यांनी ती लिहिली त्या कटरकाकांना तर नाहीच नाही.

कटरकाका म्हणजे कागद कापायच्या मशीनवरचा माणूस. चाळीस वर्षं एकाच मशीनपुढे उभं राहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. तोंड फटकळ, मापाला पक्के. मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागला की घर पेटल्यासारखे ओरडणार. चावी कमरेला, आणि आंघोळीलासुद्धा ती सोबत नेतात अशी त्यांची थट्टा व्हायची. मालक आणि ते एकाच वयाचे. मालक गेल्यापासून काकांनी कुणाला एक टोमणा मारला नव्हता. यावरून काय ते समजा.

तर त्या दिवशी सकाळी मालकांचा धाकटा मुलगा आला. परदेशातून, एका हातबॅगेनिशी. शटरवरच्या पट्टीसमोर तो बराच वेळ उभा होता. मग आत आला आणि म्हणाला, “काका.”

“आलास? फार लवकर आलास रे,” काकांनी वर न बघताच सुनावलं. “दोन महिने तो माणूस दाराकडे तोंड करून निजला. दुसऱ्या कुशीवर वळ म्हटलं तर म्हणायचा, नको, इकडून दार दिसतं. आणि आता येतोयस होय?”

धाकट्याने बॅगेतून एक कागद काढला आणि मशीनच्या टेबलावर ठेवला.

“मग हे का लिहिलं त्यांनी?”

अक्षर मालकांचंच. बारीक, ओळीत बसवलेलं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं ही अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळातली सवय, आणि समास न सोडता पार कडेपर्यंत. समास पुस्तकाला लागतो, पत्राला नाही, असं त्यांचं म्हणणं. काकांनी चष्मा पुसला आणि शेवटचा भाग वाचला.

‘तीन वर्षांपूर्वी दारात उभं राहून मी तुला जे बोललो, ते एकही शब्द न बदलता इथे लिहितो. या घरात परत पाऊल ठेवू नकोस. मी मेलो तरी येऊ नकोस.’

त्याखाली कागद संपला होता.

“खाली सहीसुद्धा नाही,” धाकटा म्हणाला. “जन्मभर प्रत्येक पत्राखाली ‘तुझा बाबा’ लिहिणारा माणूस. या वेळी तेवढंही नाही. आणि सोबत माझी लहानपणची चित्रं. चाळीसच्या चाळीस छापून परत पाठवली. मूळ चित्रं टाकूनच दिली असणार. घरात माझी खूणसुद्धा नको, असंच ना? मग मी कुठल्या तोंडाने येणार होतो, काका? मला एवढंच सांगा, ते खरंच असे गेले का? माझ्यावर रागावून?”

काकांचे डोळे भरून आले होते, पण बोटं कागदाच्या खालच्या कडेवर फिरत होती. चाळीस वर्षांची बोटं ती, रडतानाही काम सोडत नाहीत.

“हे पत्र पुरं नाहीये,” काका म्हणाले. “खालून कुणीतरी कापलंय.”

२

“कापलंय कसलं? लेटर साइझ आहे हा,” धाकटा म्हणाला. “तिकडे सगळे कागद असेच बुटके असतात.”

“छापखानेवाल्याचा मुलगा ना रे तू?” आठ दिवसांतला पहिला टोमणा काकांच्या तोंडून निघाला. त्यांनी मापाची लोखंडी पट्टी आणली. “आपला ए-फोर दोनशे दहा मिलिमीटर रुंद, दोनशे सत्त्याण्णव उंच. तिकडचा लेटर दोनशे सोळा रुंद, दोनशे एकोणऐंशी उंच. म्हणजे तुमचा तो लेटर अंगाने सहा मिलिमीटर जाडा आणि उंचीला अठरा मिलिमीटर बुटका. आता हा मोज.”

धाकट्याने मोजलं. उंची दोनशे एकोणऐंशी. रुंदी दोनशे दहा.

“उंची तिकडची, रुंदी इथली. जगात कुठल्याही कारखान्यातून असा कागद निघत नाही. हा ए-फोर होता, त्याचा लेटर केलाय.”

“पण बाबांचं पॅड असंच असायचं ना?”

ते खरं होतं. धाकटा बारा वर्षांपूर्वी तिकडे गेला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याने कळवलं होतं की बाबा, तुमची पत्रं माझ्या फायलीच्या खालून बाहेर येतात आणि कडा मुडपतात. मालक पत्र हातात घेऊनच मशीनपाशी आले होते. ‘ह्याच्याकडे जाईल तो प्रत्येक कागद खालून अठरा मिलिमीटर कापत जा. पोराच्या फायलीत नीट बसला पाहिजे.’ तेव्हापासून काका पॅड कापून द्यायचे. मग तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलेला धाकटा बोलून गेला की छापखान्याचं हे भंगार विका आता. बाप दारात उभा राहून गरजला, आणि पत्रं बंद पडली. काकांना दिलेली ती सूचना मात्र मालकांनी कधी मागे घेतली नाही.

“आधीच कापलेल्या कागदावर त्यांनी लिहिलं असेल,” धाकटा म्हणाला.

“मला तेच बघायचंय. बाबा पत्राची घडी कशी घालायचे?”

“अर्धी, मग अर्ध्याची अर्धी, मग परत अर्धी.” तो क्षणभर हसल्यासारखा झाला. “मला शिकवायचे. ए-फोर अर्धा केलास की ए-फाइव्ह, तो अर्धा केलास की ए-सिक्स, कितीही कर, तोंडवळा बापाचाच राहतो. लेटर अर्धा केलास की लगेच परका दिसायला लागतो.”

“हं. आता त्याच जुन्या घडीवर हे पत्र दुमड.”

पहिली घडी पडली. खालची कड वरच्या कडेपर्यंत पोचलीच नाही. बोटभर अलीकडेच थांबली.

दोघंही बघत राहिले. मोजायची आता गरजच नव्हती. मालकांच्या हाताची घडी एका सुताने चुकायची नाही. त्यांनी दुमडलं तेव्हा कागद पुरा होता, घडी बरोबर मधोमध होती. कुणीतरी नंतर ती उलगडली, खालून अठरा मिलिमीटर कापलं आणि पत्र पुढे पाठवलं. कापलेल्या जागेत दोन ओळी सहज मावतात. दोन ओळी आणि एक सही.

“खरं सांग,” काकांनी डोळे बारीक केले. “तूच तर नाही ना कापलंस? न येण्याला निमित्त म्हणून?”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी कड उजेडात धरली आणि मान हलवली. कात्रीची कड नव्हती ही. थप्पीत दाबून, जड पात्याने एका झटक्यात कापलेली सरळसोट कड. असलं मशीन या छापखान्यात एकच, आणि चावी एकाच्याच कमरेला.

आता आली का पंचाईत! काकांच्या पात्याला दोन-तीन महिन्यांपूर्वी स्टेपलची पिन लागून बारीक खाच पडली होती. धार लावायची राहून गेली, आणि तेव्हापासून त्यांनी कापलेल्या प्रत्येक कागदाच्या कडेला डाव्या बाजूला, चार बोटांवर, केसाएवढी रेघ उठते. काकांनी पत्राच्या कडेवरून नख फिरवलं.

रेघ होती. पण उजव्या बाजूला.

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “माझं मशीन नाही हे,” ते म्हणाले. “माझी खूण डावीकडे असते.”

मग कुणाचं?

३

ऑपरेटरबाई आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे होत्या. वीस वर्षांची नोकरी. धाकट्याला बघून उठल्या नाहीत.

“या. आता भंगार विकायला आलात का?”

“बाई!” काका दटावून म्हणाले.

“का बोलू नको? ते शब्द मीही ऐकलेत. हा परत यावा असं मला वाटत नव्हतं, हे मी मालकांच्या तोंडावर सांगितलं होतं.”

“म्हणून तुम्ही पत्र कापलं?” धाकट्याने विचारलं.

“कसलं पत्र कापलं?”

काकांनी कागद दाखवून सगळं सांगितलं. बाईंचा ताठा हळूहळू उतरला.

“हा कागद मीच दिला,” त्या म्हणाल्या. “मालकांचं कापलेलं पॅड कधीच संपलं होतं. तुमच्या ताई म्हणाल्या, बाबांना लिहायचंय, एक कागद द्या. मी प्रिंटरमधला साधा ए-फोर काढून दिला, नेहमीचा पातळ. आणि चित्रं छापली ती जाड कागदावर. दोन रविवार बसून छापली, माझा राग बाजूला ठेवून. मालक पलंगावरून फोनवर विचारायचे, घोड्याचा रंग उतरला ना नीट? पाचवा पाय पुसू नका हं, त्याने काढलाय तो.”

धाकटा खुर्चीत बसला. “परत पाठवायची म्हणून छापली नव्हती?”

“परत? अहो, मूळ चित्रं अजून त्यांच्या उशाखाली आहेत! तुम्हाला प्रती पाठवल्या. पोराकडे एक संच असावा, म्हणाले.” बाईंनी डोळे टिपले. “खालची जागा मी कोरी सोडली होती, नेहमीसारखी.”

“नेहमीसारखी म्हणजे?” धाकट्याने विचारलं.

पण काका तोवर दाराशी पोचले होते. “पत्र आणि चित्रं एकत्र ठेवली कुणी?” त्यांनी वळून विचारलं.

“ताईंनी.”

४

ताई घरी, मालकांच्या खोलीत होती. पलंग अजून दाराकडे तोंड करूनच होता. भावाला बघताच ती आधी त्याच्या गळ्यात पडली, मग त्याला ढकलून दिलं.

“दोन महिने! मी विचारलं होतं ना तुला, पत्र मिळालं का? काय उत्तर दिलंस? मिळालं. कळलं. एवढंच! मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग निघालाच असेल तो. रोज म्हणायचे. दाढी करून ठेवा माझी, तो निघालाच असेल.”

“ताई, त्यात येऊ नकोस असं लिहिलं होतं गं.”

“काहीही काय बोलतोस!”

“वाच.”

तिने वाचलं. तिथेच पलंगाच्या कडेवर बसली. “असं कसं लिहितील? लिहून झाल्यावर हसले होते रे ते. म्हणाले, आता बघ, पहिल्या विमानाने येतो की नाही. शेवटच्या दिवशी अचानक बिघडलं, मी तुला फोन लावला...”

“ताई,” काकांनी मध्येच विचारलं, “पत्र तुझ्या हातात दिलं, तेव्हा घडी घातलेली होती?”

“हो. पण जाड चित्रांच्या थप्पीत घडीचा फुगवटा यायला लागला. म्हणून मी ते उलगडून सपाट करून ठेवलं.”

“वाचलंस?”

“मी का वाचीन? बापलेकांचं पत्र होतं. नजरसुद्धा पडायला नको म्हणून चित्रांच्या मधोमध पालथं ठेवलं. वर चिठ्ठी लावली, ‘धाकट्याकडे’, आणि थप्पी पार्सल करायला छापखान्यात पाठवून दिली.”

“पालथं,” काका म्हणाले.

त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटलं आणि ताईच्या मांडीवर पालथं ठेवलं. कोरी बाजू वर आली. मग कडेवरून नख फिरवलं. उजवीकडची रेघ आता डावीकडे आली होती. डावीकडे, चार बोटांवर.

काका भिंतीला धरून खाली बसले.

“काका? काय झालं? कुणी कापलं?”

“मी,” काका म्हणाले.

५

मग त्यांनी सांगितलं. काही आठवत होतं म्हणून नव्हे. आठवत काहीच नव्हतं, तेच तर दुःख. ‘धाकट्याकडे’ अशी चिठ्ठी लावलेली थप्पी टेबलावर आली असणार. थप्पीच्या वर चित्र, तळाला चित्र, प्रत्येक चित्राखाली कोरी जागा. त्याच्याकडे जाईल तो प्रत्येक कागद अठरा मिलिमीटर कापायचा, ही बारा वर्षांची सूचना हातात मुरलेली. थप्पी ठोकून सरळ केली, दाबली, पातं खाली आणलं. मध्ये एक पालथा कागद होता, तो कुणाला दिसणार? मालकांनी प्रेमाने लिहिलं, बाईंनी जागा सोडली, ताईने नजर न टाकता ठेवलं, काकांनी मापात कापलं. एकानेही कामात कसूर केली नाही, आणि सगळ्यांनी मिळून एका बापाला पोरावाचून मारलं.

“मी त्याला म्हणायचो रे,” काका लहान मुलासारखे रडत होते, “येईल, येईल, धीर धर. आणि तुला मनातल्या मनात शिव्या घालायचो. तुला यायची वाट मीच कापली होती!”

ताई काकांच्या पाठीवर हात फिरवत होती, आणि तिचे डोळे भावावर होते. धाकटा खिडकीशी पाठमोरा उभा. तो काय बोलेल याची काकांना भीती वाटत होती.

“त्या पट्टीवर काय होतं?” शेवटी त्याने विचारलं. “काका, ती बोटभर पट्टी कुठे जाते?”

काकांनी डोळे पुसले. छापखान्यात कागद फुकट घालवायची रीतच नव्हती. अशा पट्ट्यांना एका टोकाला दोरा ओवून मशीनशेजारच्या खिळ्याला टांगायचं, आणि गठ्ठ्यांवर नावं लिहायला एकेक फाडायची. तिघंही लगबगीने छापखान्यात आली. खिळ्याला जुडी होती. काकांनी एकेक पट्टी उलटसुलट करून पाहिली. सगळ्या जाड, सगळ्या दोन्ही बाजूंनी कोऱ्या.

“वापरली गेली असेल,” ताई हळूच म्हणाली. “कुठल्या तरी गठ्ठ्यावरून गेली असेल आता.”

“थांब.” काकांनी जुडी हातात घट्ट धरली. “चित्रं जाड कागदावर. पत्र पातळ. म्हणजे या जुडीत पातळ पट्टी एकच असणार. आणि ती मी हाताने शोधून काढलीय. जाड पट्टी शटरच्या पन्हाळीवर बसत नव्हती, उसळत होती. म्हणून जुडी चाळली आणि पातळ सापडली ती घेतली. त्या दिवशी डोळ्यांना काय दिसत होतं मला! कोरी बाजू वर होती, तिच्यावर लिहिलं.”

धाकटा तोवर बाहेर धावला होता.

डाव्या शटरवर ती तशीच होती. ‘मालक गेले. छापखाना बंद.’ सकाळी तो जिच्यासमोर उभा राहिला होता तीच. खळ फक्त दोन टोकांना लावलेली. काकांनी ओल्या फडक्याने टोकं भिजवली, मापाच्या पट्टीचं पातं खालून सरकवलं, आणि ती अलगद सोडवली. उलटली.

धाकट्याने पाहिलं, पण त्याला अक्षरं दिसेनात. ताईने वाचलं.

‘ते शब्द मी आज मागे घेतो. चूक माझी होती. मिळेल त्या विमानाने ये.
दाराला कडी लावत नाही. तुझा बाबा.’

रस्त्यावरून माणसं जात-येत होती. धाकटा फुटपाथवरच बसला आणि मोठ्याने रडला, लाज न बाळगता. ताई त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. काका दोन पावलं लांब थांबले होते. जवळ जायचा आपल्याला हक्क उरलाय की नाही, तेच त्यांना कळत नव्हतं.

मग धाकट्यानेच हात पुढे केला.

“काका, फायलीत बसत नाही अशी तक्रार माझीच होती,” तो म्हणाला. “इकडे या. हे मला जोडून द्या. तुमच्याइतकं सरळ दुसऱ्या कुणाला जमणार नाही.”

मशीनच्या टेबलावर काकांनी पत्र पालथं ठेवलं आणि खाली पट्टी लावली. रेघेला रेघ भिडली. मागून पातळ कागदाची चिकटपट्टी लावून ते जोडलं. पत्राच्या पाठीवर आता खाली काकांचं अक्षर होतं, ‘मालक गेले’, आणि पुढच्या बाजूला मालकांचं, ‘ये’.

धाकट्याने पत्र उचललं आणि बापाच्या जुन्या घडीवर दुमडलं. खालची कड वर गेली आणि वरच्या कडेवर बरोबर बसली.